निर्जळी

नर्सिंग शिकायला मी साताऱ्याहून सांगलीकडच्या एका दवाखान्यात आले, तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. दुसऱ्या वर्षापर्यंत आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज झाला. आमच्या डॉक्टरीणबाई परदेशी. त्यांचं मराठी 'बसा', 'उठा', 'दुखतं का' इथंच संपायचं, म्हणून रोग्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी मोठ्या तोऱ्यात करायचे. रोग्याचं लांबलचक गाऱ्हाणं एका वाक्यात बसवून मी बाईंना सांगे. त्या 'गुड' म्हणाल्या की माझे पाय दिवसभर जमिनीला लागत नसत.

त्या उन्हाळ्यात कवठे महांकाळच्या बाजूचा एक पलटणीतला शिपाई आला. लढाईत त्याच्या उजव्या खांद्यात लोखंडाचा तुकडा शिरलेला. जखम भरली होती, पण हात वर जात नव्हता, म्हणून तो तुकडा कापून काढायचं ठरलं. छाती अधू, म्हणून क्लोरोफॉर्म नको असं बाईंनी ठरवलं. गळ्याजवळच्या हाडाच्या वर सुई टोचून नुसता हात बधिर करायचा, माणूस जागाच राहणार. आदल्या सकाळी मी हे त्याच्या आईला समजावून सांगितलं.

"हातच तेवढा झोपनार व्हय? काळजाला काय हुनार न्हाई न्हवं?"

मला हसूच आलं. म्हटलं, "मावशी, हात कुठं आणि काळीज कुठं." वर बजावलं, आज रात्रीनंतर त्याला खायला काही देऊ नका, पोट रिकामं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्याला टेबलावर टेकवून बसवलं, खांद्याला मागूनही हात घालता यावा म्हणून. बाईंनी विचारायला सांगितलं, पोटात काही गेलंय का?

"न्हाई बाई," तो म्हणाला. "काल सकाळधरनं निर्जळी हाय. आई देवीला बोललीया. पान्याचा थेंबबी न्हाई."

मी बाईंना सांगितलं, काही खाल्लेलं नाही. बाई म्हणाल्या, गुड.

पाण्याचं मी का सांगितलं नाही? विसरले नव्हते. मला ते सांगण्याजोगं वाटलंच नाही. उलट, एवढा आज्ञाधारक रोगी मिळाला म्हणून मी खूश होते.

सुई दिली. थोड्या वेळानं त्याचा हात ओल्या पिशवीसारखा लोंबकळला. तो त्याच्याकडे बघून म्हणाला, "ह्यो माजा न्हाईच जनू." माझं काम दुसऱ्या हाताच्या नाडीवर बोट ठेवून ठोके मोजायचं. नव्वदच्या पुढे होते. बाईंनी खांदा उघडला. रक्त फारसं गेलं नाही, दुखणं तर मुळीच नाही. आणि मग त्यानं जांभई दिली.

"बाई, गरगरतंय."

मी मोजलं. साठ. परत मोजलं, पंचेचाळीस. बोट सरकलं असेल म्हणून नीट दाबून धरलं, तर तीसही भरेनात. त्याचे ओठ पांढरेफटक पडले, मान कलली, आणि माझ्या बोटाखाली काहीच उरलं नाही. मी इतकी हादरले, की इंग्रजी सोडून मराठीतच म्हणाले, "नाडी लागत नाही."

बाईंना ते बरोबर कळलं. त्यांनी टेबल सपाट करायला लावलं, त्याचे पाय माझ्या खांद्यावर दिले, ठोके वाढवणाऱ्या अट्रोपिनची सुई मारली, शिरेतून सलाईन सोडलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक ठोका आला. बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. ते मोजताना मी रडत होते.

त्याची कोरडी जीभ बघून बाईंनी विचारलं, हा पाणी कधी प्यायला होता? तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बसलेल्या माणसाचं रक्त पायांकडे उतरतं, अंगात पाणी नसलं की हृदयाकडे फारच थोडं परत येतं. त्यात सुईतल्या औषधानं हृदय जोरात आवळायला लागलं, तर शरीर एकाएकी त्यालाच लगाम घालतं, असं काहीसं त्या म्हणाल्या. आपल्यालाही हे पुरतं उमगलेलं नाही, हेही म्हणाल्या. खांदा टाके घालून तसाच बंद केला. तुकडा आतच होता, आठ दिवसांनी पुन्हा टेबलावर घ्यायचं होतं. आईला जाऊन सांग, असं बाईंनी मला फर्मावलं.

आई ओसरीवर बसली होती. लेकाचं काळीज मध्येच थांबलं होतं, आता तो बरा आहे, आठ दिवसांनी पुन्हा टेबलावर घ्यायचंय, एवढं मी कसंबसं सांगितलं. तिनं हात जोडले.

"निर्जळीनंच राखला. पहाटं दोनदा पानी मागितलं वो त्यानं. मी तांब्या पदराखाली घेटला, पर दिलं न्हाई. आता फुडच्या बारीला दोन दिस धराय लावती."

गप्प बसणं सोपं होतं. पण पुन्हा त्याच टेबलावर त्याच मनगटावर मलाच बोट ठेवायचं होतं.

"मावशी, पाणी नव्हतं म्हणूनच हे झालं," मी म्हणाले. "त्यानं मला सांगितलं होतं. मी बाईंना सांगितलं नाही."

तिचे जोडलेले हात सुटले.

"तुमाला ठावं हुतं?"

"हो."

ती आता शिव्याशाप देणार, असं मला वाटलं. द्यावेत असंही वाटलं. पण ती अगदी हळू आवाजात बोलली.

"मंजी आपन दोघींनी मिळून मारलाच हुता की त्याला."

आणि जरा सरकून तिनं मला शेजारी बसायला जागा केली.