ड्रायसूट घालून पावण्यांसमोर

आधी चहा ओता, मग तोंड उघडतो. आणि एक विनंती, हसू आलं तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना एकाने माझ्या शर्टावर फवारा मारलाय.

तर मंडळी, स्वतःच्या लग्नाची बोलणी मी पाणबुड्याच्या सुटात बसून केली. मंगळवार पेठेत. भर मे महिन्यात. आत लोकरीचा स्वेटर घालून!

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात पाणबुड्याचा सूट कशाला? बरोबर आहे. मी कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. भट्टीपासून माझं टेबल इतकं लांब, की तिची धगसुद्धा लागत नाही. पण मालवणला जाऊन स्कूबा शिकलो आणि डोक्यात आइसलँडचा किडा शिरला. तिथल्या बर्फगार पाण्यात उतरायचं तर ड्रायसूट लागतो. म्हणजे आत गरम कपडे घालायचे आणि वरून हा सूट. गळ्याला आणि मनगटाला घट्ट रबर, पायाला जोडलेले बूट, दंडावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह, पाठीवर आडवी झिप. पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही.

ऑर्डर देताना मापं विचारली. मी तालमीत जायचो तेव्हाची दिली. तालीम सुटून बरीच वर्षं झाली होती, पण मनाने मी अजून आखाड्यातच होतो ना!

पार्सल आलं ते नेमकं कधी? इचलकरंजीहून मुलीकडचे घर बघायला येणार होते, त्या दिवशी दुपारी.

या स्थळावर आईचा जीव अडकला होता. माझाही, खोटं कशाला बोलू? त्रिशलाचा फोटो मी दिवसातून कितीदा बघत होतो ते विचारू नका. त्याआधीच्या सगळ्या स्थळांनी एकच निरोप धाडला होता, "पोरगा चांगला हाय, पण लय बोलतोय. आणि पाण्यात बुडतोय." म्हणून आईने सकाळीच दम भरला होता.

"आज तोंडाला कुलूप घाल. आणि पाण्याचं नाव जरी काढलंस, तर बघ!"

मी म्हटलं, पावणे यायला वेळ आहे, जरा घालून तर बघू. थंडीसाठी आत काहीतरी हवं म्हणून आईने विणलेला स्वेटर चढवला. सुटात शिरलो. मुंडकं गळ्यातल्या रबरातून बाहेर काढताना कानच मागे राहतात की काय असं वाटलं. पाठीची झिप एकट्याला लावता येत नाही, म्हणून अप्पांना, म्हणजे वडिलांना, हाक मारली.

"अप्पा, हळू ओढा."

"हळू काय हळू? बैलगाडीची दोरी ओढलीया आम्ही!" असं म्हणून त्यांनी पाय रोवून हिसका मारला. झिप बसली. ती इतकी बसली, की नंतर उठेचना!

स्वेटरचा धागा तिच्यात अडकला होता. अप्पांनी ओढलं, आईने ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. मी गोठ्यातल्या म्हशीसारखा मागेपुढे हलत होतो. बरं, गळ्याचं नवं रबर आधी ताणून सैल करायचं असतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं, की बोलायला गेलो की आतून उंदराचा आवाज येतोय.

एवढ्यात दारात गाडी थांबली. पावणे वेळेच्या आधी!

त्रिशलाचे वडील उंबऱ्यातच थबकले. पुढ्यात मी. काळाकुट्ट, फुगलेला, घामाने निथळणारा, तोंड टोमॅटोसारखं.

"कामावरनं आलासा व्हय, पावणं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अप्पांनी तो झेल पकडला. "व्हय की! थेट भट्टीवरनं. आगीचा ड्रेस हाय त्यो. आज सुट्टी घे म्हटलं, ऐकतोय कुठं? काम म्हणजे काम!"

"वा वा! असा पोरगा पायजे!" पावणे खूश.

मी नमस्काराला वाकलो. सुटात कोंडलेली हवा दंडावरच्या व्हॉल्व्हमधून निघाली, फुस्सऽऽ! त्रिशलाच्या काकांच्या पाया पडलो, फुस्सऽऽ! तिच्या आत्याच्या पाया पडलो, फुस्सऽऽ! आत्या दोन पावलं मागे सरकली आणि लांबूनच म्हणाली, "असू दे, असू दे. औक्षवंत हो."

त्यांच्याबरोबर आलेली त्रिशला दाराशी उभी राहून माझ्या दंडाकडे टक लावून बघत होती.

कपडे बदलून येतो म्हणायची सोय नव्हती, कारण कपडे बदलताच येत नव्हते. त्यात आम्ही जैन, पावणेही जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. ऊन कलायला लागलं तशी आईने पंगत बसवली. मी मांडी घातली मात्र, उरलीसुरली हवा गळ्याच्या रबरातून बाहेर पडली. कशी? पुर्रर्रर्र! काकांनी वर पंख्याकडे बघितलं.

"ड्रेसचा आवाज हाय त्यो!" अप्पा ओरडले. "ड्रेसचा!"

पुरणपोळी माझ्या गळ्यातून एकेक घास रांग लावून खाली जात होती. ताक मात्र सरसर उतरत होतं. आणि आत्या! "घ्या की पावणं, एकदा दिस मावळला की पाणीबी न्हाय," असं म्हणत तिने माझा तांब्या रिकामा म्हणून राहू दिला नाही. मीही उकाड्याने कासावीस, घटाघटा पीत गेलो. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की जो सूट बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तो आतलंही बाहेर जाऊ देणार नाही. मग मात्र माझ्या अंगावर खरा काटा आला.

आता मला एकच ध्यास. हे सगळं लवकर संपू दे!

"लगीन इचलकरंजीत करायचं. चालंल?" वडिलांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"पोरगी नोकरी सोडणार न्हाय."

मी जोरात मान डोलावली.

"आणि ते पाण्यात बुडायचं खूळ? आमच्या कानावर आलंय. सोडलंय न्हवं?"

आईच्या हातातली पळी हवेत थांबली. मी गळ्यापासून टाचेपर्यंत त्याच खुळात शिरून बसलो होतो. पण पोटातलं ताक, गळ्यातलं रबर आणि दारातली त्रिशला, तिघं मिळून माझी मान धरून होती. ती डोललीच.

"शब्द?" त्यांनी हात पुढे केला. मी हातावर हात ठेवला आणि पुन्हा वाकलो. फुस्सऽऽ!

"पोरगा लय शांत हाय," वडील म्हणाले. "उगं एक शब्द बोलत न्हाय. जावा, दोघं गच्चीवर जाऊन बोलून घ्या."

गच्चीवर पोचल्या पोचल्या त्रिशला म्हणाली, "भट्टीच्या ड्रेसला हवा सोडायचं बटण कशाला असतंय?"

मी उंदराच्या आवाजात सांगितलं, "झिप… अडकलीय… आणि लय घाई हाय."

"फिरा."

तिने केसातली पिन काढली. "आमच्यात यंत्रमाग हायत. धाग्याचा गुंता रोजचाच." जरा खुडबुड झाली आणि सर्रकन झिप उघडली. मी रबरातून मुंडकं सोडवलं, सूट तिथेच टाकला आणि धूम पळालो. होणाऱ्या बायकोशी एकांतात बोलायची पहिली संधी, आणि मी ती मोरीत घालवली!

परत आलो तर ती सूट अंगाला लावून उभी. खांद्याला खांदा, टाचेला टाच, एकदम माप! मी दिलेली मापं तालमीतल्या पैलवानाची म्हणून दिली होती हो. निघाली तिची!

"ह्यात खरंच थंडी वाजत न्हाय?" तिने विचारलं. मग काय, तोंडाचं कुलूप फुटलं. खाली हाका येईपर्यंत मी बोलत होतो आणि ती चक्क ऐकत होती. तेव्हाच ठरवलं, लग्न हिच्याशीच.

झालं लग्न. सासऱ्यांना दिलेला शब्द मी पाळतोय. आजही ते भेटले की विचारतात, "पाण्यात जात न्हाईस न्हवं?" मी मान हलवतो.

त्यांच्या लेकीकडून मात्र कुणी शब्द घेतला नव्हता! ती मालवणला जाऊन शिकून आली. सूट तर तिच्याच मापाचा. परवा आइसलँडची तिकिटं काढली तिने. दोन!

मी म्हटलं, "मी कशाला? मला तर उतरायचं न्हाय."

"मग माझी झिप कोण ओढणार?" ती म्हणाली. "आणि हळू ओढायची. अप्पांसारखी न्हाय."

काठावर मला गारठायला नको म्हणून आईचा तो स्वेटरही तिने बॅगेत टाकलाय. एवढी हौस करून ड्रायसूट मागवला मी. आणि आता त्याच्याशिवाय जन्मभर कोरडा राहणार, तोही मीच!