विमा कमी लागतो ती गाडी

माझी बायको गाडीत मरत होती तेव्हा तिचा भाऊ आणि तिचा मुलगा रस्त्यावर एका माणसाला मारत होते. तिथूनच सुरू करतो. त्याच्या आधीचं सांगायला बसलो तर मला तिचं हसणं सांगावं लागेल, आणि ते जमत नाही.

शीळफाट्याच्या अलीकडचा रस्ता. दुपारची वेळ. दिवा गावात नात्यातली लग्नाची हळद होती म्हणून निघालेलो. मुलगा चालवत होता, ती पुढे बसलेली, अंगावर होतं नव्हतं ते सोनं घालून. मी आणि मेव्हणा मागे. डाव्या हाताने एक टेम्पो आडवा घुसला आणि आमची गाडी समोरून त्याच्यावर आदळली. पत्र्यावर दगडाचा डंपर खाली करावा तसा आवाज झाला. माझा पाय पुढच्या सीटखाली अडकून मोडला.

मेव्हणा उतरला, मुलगा उतरला. टेम्पोवाल्याला केसांना धरून खाली ओढला. मेव्हण्याने त्याचं तोंड दुभाजकावर आपटलं. एकदा नाही, आपटतच राहिला. मुलगा लाथा घालत होता, पोटात, बरगड्यांत. ज्यांचा काही संबंध नाही असे बाइकवाले थांबून हात साफ करून गेले. मी आतून ओरडत होतो, "अरे गाडीत बघा! तिला बघा!"

कुणी ऐकलं नाही. ती मान खाली टाकून बसलेली. नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा येते ना, तसा तिचा श्वास येत होता. मी हात लांब केला तर तिच्या अंबाड्यातल्या गजऱ्यापर्यंत पोचला, पुढे पोचला नाही. मग तो आवाज थांबला. बाहेर मारण्याचा आवाज चालूच होता.

हॉस्पिटलात डॉक्टरने मान हलवली तेव्हा दोघांनी तिथली काच फोडली.

आता गाडीच्या पुढे लावलेल्या गार्डचं सांगतो. आमच्यात नवी गाडी आली की अंगणात पूजा घालतात आणि मामा आहेर घेऊन येतो. कुणी टॉवेल-टोपी आणतो, कुणी देवीचा फोटो. माझ्या मेव्हण्याने त्या गाडीला लोखंडी गार्ड आणलेला, मनगटाएवढ्या जाड पाइपचा, वर आई एकविरेचं नाव वेल्डिंग करून. "भाच्याच्या गाडीसमोर कुनी टिकला नाय पायजे," असं बोललेला. बायकोला भावाचं केवढं कौतुक. तिने गार्डलासुद्धा हळदकुंकू लावलं.

अपघातानंतर कोपरीचा विमेवाला घरी आला. मुलाच्या वर्गातला. चहा घेतला नाही त्याने.

"काका, एअरबॅग का नाही उघडल्या माहितेय? गाडीला धक्का कळतो पुढच्या बाजूने. तिथे गार्ड होता. धक्का गार्डने घेतला, गाडीला नीट कळलाच नाही."

"म्हंजे गाडी वाचली?"

"गाडी... हो, त्या मानाने वाचली."

"आनि मानूस गेला."

कंपनीने भरपाई नाकारली, न सांगता गाडीत फेरफार केला म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही. मेव्हण्याला ही गोष्ट मी तोंडावर सांगितली. तो म्हणाला, "विमेवाले चोर असतात." आणि विषय संपवला.

वर्ष सरलं. सुनेला आणि नातीला न्यायला-आणायला गाडी पाहिजे म्हणून मुलाने विषय काढला. मी हो म्हटलं. त्याने फोनवर दाखवली, काळी, उंच, म्हशीसारखी. मी विमेवाल्याला पुन्हा बोलावून घेतलं आणि मुलाच्या समोर विचारलं, "विमा कमी लागतो ती गाडी कनची?"

मुलगा चिडला. "बाबा, जमीन विकली त्याचे पैसे आलेत ना? विम्याचं काय घेऊन बसलात?"

"पैशाचं नाय बोलत मी."

मी चौथी शिकलेला माणूस. पण विमेवाल्याने समजावलं ते माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्याला उडवलं तर त्याच्यासाठी जो विमा असतो, तो इंजिन जेवढं मोठं तेवढा जास्त. म्हणजे विमेवाल्याला आपलं गाव दिसत नाही, सोनं दिसत नाही, कोण कुणाचा मामा ते दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की ही गाडी कुणाला चिरडणार. जी कमी चिरडणार तिचा हप्ता कमी. घरात एवढं स्पष्ट बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. वर तो म्हणाला, कंपनीतून आली तशी ठेवा, गार्ड नको, काळ्या काचा नकोत.

"गावात हसतील," मुलगा बोलला. "बोलतील, भाड्याची गाडी घेतली. आईसुद्धा हसली असती."

मी उठून त्याच्या कानाखाली आवाज काढला. बायकापोरं असलेला मुलगा. त्याने माझ्यावर हात उचलला नाही, कपाटाच्या दारावर बुक्की मारली, दार आत गेलं. सून नातीला घेऊन आतल्या खोलीत गेली. विमेवाला चप्पल शोधत होता.

गाडी शेवटी आली ती लहान, पांढरी.

पूजेच्या सकाळी मेव्हणा टेम्पो घेऊन अंगणात आला. मागे नवा गार्ड. खास मापाने बनवून घेतलेला, पहिल्यासारखाच जाड, वर तेच देवीचं नाव. त्याने एकट्याने खांद्यावर उचलून आणला.

"भावजी, ही काय गारी हाय? कोंबऱ्यांचा खुरारा! थांब, हिला जरा मर्द करतो."

"घेऊन जा तो परत."

"आहेर परत न्यायचा? माज्या बहिनीच्या दारातून?"

"तुजी बहीन याच लोखंडाने मेली."

"माजी बहीन टेम्पोवाल्याने मारली!"

"टेम्पोवाल्याला तू मारत होतास तवा ती जिवंत होती."

त्याने मोकळ्या हाताने मला ढकललं, मी तुळशीच्या कट्ट्यावर पडलो, ओठ फुटला. हातात पूजेचा नारळ होता. तोच मी उठून त्याच्या कपाळावर घातला. फुटला नारळ की कपाळ, मला पहिल्यांदा कळलं नाही; पाणी आणि रक्त एकदम त्याच्या डोळ्यांत उतरलं. तो आंधळ्यासारखा फिरला आणि खांद्यावरचा गार्ड फिरला. गार्डचं टोक गाडीच्या पुढच्या दारावर बसलं आणि काच दाण्यांसारखी आत सांडली. आत सून बसलेली, फोटोसाठी, मांडीवर नात.

मुलाने मामाला पाडला आणि छातीवर बसला. तोच मार, तसाच, मी आधी पाहिलेला. नाकावर, तोंडावर, नाकावर. मेव्हण्याचा श्वास रक्तातून बुडबुड करत होता. माझ्या तोंडात रक्त, तरी ओरडलो, "अरे गाडीत बघ! गाडीत बघ रे!"

यावेळी त्याने ऐकलं. वर गेलेली मूठ तशीच राहिली. मामाला सोडून तो धावला, दार उपटल्यासारखं उघडलं आणि पोरीला बाहेर काढली. तिच्या कानामागून रक्त येत होतं आणि ती जोरात रडत होती. रडत होती, म्हणून मी खाली बसलो.

तिला टाके पडले, बाकी काही नाही. मेव्हण्याचं नाक वाकडं झालं, अजून वाकडंच आहे. तो गार्ड न घेता गेला. दुसऱ्या दिवशी मुलाने कटर आणून तो स्वतः कापला. देवीचं नाव तेवढं वेगळं काढून देव्हाऱ्यामागे ठेवलं, बाकीचं भंगारात दिलं. माझ्याशी बोलला नाही, पण मला कटरची वायर धरायला लावली.

विमेवाला काचेचे फोटो काढायला आला.

"काका, कशी फुटली? दगड उडाला असं लिहू?"

"दगड नाय. मेव्हना."

"तसं नाही लिहिता येणार, काका."

"मग नको लिहू. काच आम्ही घालू. गाडी कंपनीतून आली तशीच ठेवली, ते मात्र लिही."

मुलगा दारात उभा होता. त्याने नातीची मागची सीट नीट बसते का ते हलवून पाहिलं, पट्टा खेचला, पुन्हा खेचला. मग मला म्हणाला, "बाबा, बसा पुढे. टाके काढायला जायचंय." बायको बसायची त्या बाजूच्या सीटवर मी बसलो. पट्टा त्यानेच लावला.