दोन काड्यांची बॅटरी

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. गेल्या महिन्यात नात्यातल्या एका हळदीला गेलो होतो. मांडवात एक मुलगी मोबाईल चार्जिंगला लावत होती, तर मागून कुणीतरी ओरडलं, "पाय सांभाळ गं, नायतर ताईसारखं व्हायचं!" सगळे हसले. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ताईंना धड पाहिलेलंही नव्हतं. मी पंगतीत बसलो होतो. पानावरून उठलो नाही, पण पुढचा घास घेतला नाही.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांचा नवरा माझा साडू. दोघंही आता नाहीत. साडूबद्दल इथे जे येईल ते वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. त्याची माफी मी मागत नाही. माझं देणं आहे ते ताईंचं.

रेवदंड्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घराला लागूनच, माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. बॅटरी चार्ज करणं, सेल्फ, हॉर्न, दिवे. रिक्षावाले यायचे, मासळीचे टेम्पो यायचे. बेताचं चाललं होतं, पण माझ्या हाताला नाव होतं. साडू बरीच वर्षं जहाजावर होता. जहाजावर तो स्वयंपाकघरात कामाला होता, पण बोलायचा असा की सुकाणू याच्याच हातात असायचं. परत आला तो गाडी घेऊन. पुढचे जादा दिवे मी बसवून दिले.

काही महिन्यांनी त्या गाडीतून धूर निघाला. ऐन गणपतीत, भर बाजारात. मी धावत गेलो, डॅशबोर्डखाली हात घातला, आणि दिसलं. या महाशयांनी दोन सुरांचा हॉर्न स्वतःच जोडला होता. उघड्या तारेला तार पिळलेली, वर चिकटपट्टीसुद्धा नाही. माझ्या दिव्यांची वायर जशीच्या तशी होती. मी ते दाखवायला तोंड उघडलं, तर साडू रिक्षास्टँडकडे वळून म्हणाला, "बायकोच्या बहिणीचा नवरा म्हणून काम दिलं. आता तुम्ही बघा बाबांनो, याच्या हातात टॉर्चचे सेल तरी द्यायचे का!"

लोक हसले. मी म्हणालो, "भाऊ, खाली वाकून बघा तरी."

"वाकायचं तू. मी कशाला वाकू?"

तेव्हापासून रिक्षावाले अलिबागला जायला लागले. टेम्पोवाल्यांनी दुसरा मिस्त्री शोधला. मी सकाळी दुकान उघडायचो आणि डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवरची धूळ पुसत बसायचो. साडू समोरून जाताना तो हॉर्न मुद्दाम वाजवायचा, दोन्ही सूर. तो आवाज मला आजही ऐकू येतो. आणि आजही माझी मूठ वळते.

पुढे त्याने रस्ता दाखवणारं मशीन घेतलं. काचेला चिकटवायचं, हाताएवढं, आत सगळे नकाशे भरलेले. मोबाईलला डोंगरात रेंज नसायची, याला रेंज लागत नव्हती. आतली बाई बोलायची, तीनशे मीटरवर डावीकडे वळा. साडू म्हणायचा, "मी आता कुणाला रस्ता विचारत न्हाय. विचारतात ते अडाणी." मशीन बोलेल तसा तो वळायचा. बाहेर बघायचाच नाही. एकाच गावाला तिसऱ्यांदा निघाला तरी मशीनशिवाय त्याला वळण सांगता यायचं नाही, हे मी पाहिलं होतं. लक्षातही ठेवलं होतं.

मग त्याच्या पुतण्याचं लग्न ठरलं. मुलगी माणगावच्या पलीकडे, निजामपूरच्या बाजूला, आतल्या गावातली. आमच्यात नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते. ती उष्टी हळद पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि तोवर ती पोटात काही घेत नाही. एवढ्या लांब असेल तर हल्ली लोक आदल्या दिवशी थोडी हळद पाठवून मोकळे होतात. पण साडूला गाडी मिरवायची होती. मुलाला पहाटेच हळद लावून आठ वाजता निघायचं आणि बाराच्या आत पोचायचं, असं ठरलं. हळदीची वाटी मांडीवर घेऊन पुढे बसायचा मान चुलती म्हणून ताईंचा. मागच्या सीटवर तिघी सुवासिनी. त्यात माझी बायको.

त्या दिवशी सकाळी सातला तो दोन सुरांचा हॉर्न माझ्या दारात वाजला.

"साडूभाऊ, जरा हे बघ. चार्ज होत न्हाय."

एवढ्या दिवसांनी आला होता. दुसरा मिस्त्री त्या वेळी उठलाही नसता, म्हणून आला होता. मशीन माझ्या हातात दिलं तेही दोन बोटांत धरून.

मी मशीन चालू केलं. बॅटरीच्या खुणेत चार काड्या असतात, त्यातल्या दोन होत्या. गाडीतल्या सिगारेटच्या सॉकेटमध्ये मीटर लावला. बारा व्होल्ट बरोबर येत होते. चार्जरचं टोक उघडलं, आतला फ्यूज शाबूत. सॉकेटच्या तळाशी हिरवट गंज होता. खाऱ्या हवेत तो चढतोच. पॉलिश पेपरने घासला. चार्जर घट्ट बसला, आणि मशीनच्या पडद्यावर बॅटरीशेजारी विजेची खूण आली.

ती खूण बघून साडूने माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं की! यायला लागलं तुला."

झालं नव्हतं. खरा दोष वायरमध्ये होता. मशीनबरोबर आलेली जाड वायर त्याने कुठेतरी हरवली होती आणि मोबाईलची बारीक वायर लावली होती. तिच्यातून विजेची खूण येते, पण बॅटरी भरत नाही. मशीन चालू असलं की आत येतं त्यापेक्षा जास्त खर्च होतं. तशी जाड वायर माझ्या टेबलाच्या खणात होती. हात लांब केला असता तरी मिळाली असती. किंवा पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला असता तरी मशीन पोचेपर्यंत टिकलं असतं.

मी खण उघडला नाही. उलट पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. म्हणालो, "उन्हात नीट दिसेल, भाऊ."

"वा! हे मला कुणी सांगितलंच न्हाय."

मी मनात हिशोब केला होता. माणगाव येईपर्यंत चालेल, पुढे नाही. मग आतल्या वाटांवर मशीन मरेल आणि या माणसाला गाडी थांबवून, काच खाली करून, कुणा गुराख्याला विचारावं लागेल. बायकांच्या देखत. मला एवढंच हवं होतं. खरं सांगतो, गाडी वळणाआड गेली तेव्हा मी चहा केला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो मला गोड लागला.

दिवसभर मी घड्याळ बघत होतो. आता कोलाड. आता इंदापूर. आता मेलं असेल. संध्याकाळी बायको परत आली. तिच्या तोंडावर रंग नव्हता. पाय धुऊन पायरीवरच बसली.

"काय झालं?" मी विचारलं. विचारताना मला हसू येत होतं.

"माणगावच्या नाक्यावर ते मशीन काळं पडलं. भावजी म्हणाले, मला ठाव हाय, हितून वळायचं. वळले ते उलटे. आम्ही तिघी मागून सांगतोय, अहो विचारा कुणाला तरी, तर म्हणतात, गप बसा. घाट लागला. पाट्या येतायत त्यासुद्धा वाचीनात. शेवटी खिडकीतून खारा वारा आला, मी म्हटलं, भावजी, आपण सकाळी समुद्र सोडून निघालो न्हवं? हा परत कुठनं आला?"

"मग?"

"सुपारीच्या बागा दिसायला लागल्या, श्रीवर्धनच्या बाजूला पोचलो होतो. तेव्हा कुठे गाडी थांबवली."

मी मोठ्याने हसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हसू नका. पोचायला दोन वाजून गेले. पोरीला चक्कर आली पाटावर. पोटात पाणी न्हाय सकाळपासून. आणि भावजींनी भर मांडवात काय सांगितलं माहीत हाय?"

ते तिने सांगितलं तेव्हा माझं हसणं थांबलं. नवरीच्या बापाने उशीर का झाला विचारलं, तर साडू ताईंकडे बोट करून म्हणाला, "ह्या बाईचा पाय वायरीत अडकला. ओढून काढली. मशीन बंद. मी एकटा काय काय बघू?"

"ताई काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? वाटी धरून उभी होती. म्हणाली, अडकला असेल हो पाय, माझ्या ध्यानात न्हाय आलं."

त्याच क्षणी मी बायकोला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती त्याच पावली बहिणीकडे गेली असती. मी विचारलं, जेवलीस का.

लग्न पार पडलं. पण पुढच्याच वर्षी त्या सुनेचं पहिलं बाळ पोटातच गेलं, आणि ताईंची जाऊ, म्हणजे तिची सासू, बोलून गेली, हळदच वेळेवर आली नव्हती. एकदा बोललं गेलेलं मग घरात राहिलं. त्यानंतर ताईंना त्या घरातल्या कुठल्याही हळदीला पुढे बोलावलं नाही. त्या मागे चुलीजवळ भांडी विसळत बसायच्या आणि बायका बोलावतील म्हणून हात मात्र पुसून ठेवायच्या. हे माझ्या बायकोने मला एकदा नाही, दर लग्नानंतर सांगितलं.

साडूला त्याचं काही वाटलं नाही. उलट तो ते रंगवून सांगायला लागला. माझ्या दुकानासमोर उभा राहून सांगायचा. मला तेव्हा उठून त्याच्या तोंडावर म्हणता आलं असतं, की भाऊ, तुझी दोन काड्यांची बॅटरी मी ओळखली होती, तू ओळखली नाहीस. तुला रस्ता विचारायची लाज वाटली आणि ती लाज तू बायकोच्या पायात अडकवलीस. हे वाक्य मी किती वेळा घोळवलं असेन. पण ते बोललो असतो तर माझा उजेड वाढवलेला हातही दिसला असता. त्याला नागडा करायला मला आवडलं असतं. स्वतःला नाही.

साडू गेला तेव्हा मी खांदा दिला. डोळ्यात पाणी आलं नाही, आणल्याचं सोंगही केलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ताई दुकानात आल्या. दुकान तेव्हा नावालाच उरलं होतं. त्यांनी पिशवीतून चोळीच्या खणात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तेच मशीन.

"भावजी, हे चालतं का बघता? ह्यांनी त्या दिवसानंतर पुन्हा लावलंच न्हाय."

मी ती जाड वायर काढली. अजून टेबलाच्या त्याच खणात होती. मशीन बंद ठेवून चार्जिंगला लावलं. आधी काहीच दिसेना, मग बटण बराच वेळ दाबून धरलं, मग पडदा उजळला. ताई घरात बायकोशी बोलत बसल्या. दोन तासांनी आल्या तेव्हा चारही काड्या भरल्या होत्या आणि आतली बाई बोलत होती.

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या मशीनकडे बघत उभ्या राहिल्या.

"म्हणजे चांगलं हाय."

"हो, चांगलं आहे."

"मला वाटायचं, तेच खराब झालं असेल. एकदा खात्री करून घ्यावी म्हटलं. म्हणजे माझाच पाय."

जाड वायर माझ्या हातात होती. त्या हातभर अंतरावर होत्या. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे ताई, सोडून द्या." त्यांनी मशीन पुन्हा चोळीच्या खणात गुंडाळलं आणि पदर सारखा करून निघून गेल्या.

नंतर दोनदा त्यांच्याकडे गेलो, बोलायचं ठरवूनच. पहिल्यांदा जाऊ शेजारी बसून होती. दुसऱ्यांदा त्या अंथरुणावर होत्या, डोळे मिटलेले; मी पायाशी बसलो, त्याच पायाशी, आणि त्यांची चादर नीट करून उठलो. आठवडाभरात त्या गेल्या. जे तिथे बोलायचं होतं ते घरून निघताना पाठ केलेलं होतं, ते असं:

ताई, तुमचा पाय कुठेच अडकला नव्हता. बॅटरी संपणार हे मला सकाळीच माहीत होतं, आणि ती लवकर संपावी म्हणून उजेड मी वाढवला होता. मला त्याला खाली बघायला लावायचं होतं, आणि खाली बघत राहिलात तुम्ही. मला माफ करा.