पिकनिकला एक माणूस जास्त

लग्न मोडलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असं आमच्या ऑफिसातल्या लोकांनी मला न विचारता ठरवलं. भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी हिशेब बघतो. बायको शहरातच, तात्यापाऱ्याला भावाकडे राहते. संमतीने वेगळं व्हायचं आमचं ठरलं होतं. कोर्टाची एक तारीख झाली होती, दुसरी उरली होती. तिला राजी करायला मला दोन वर्षं लागली होती. ती तारीख तंटा न होता पार पडावी, एवढंच मला हवं होतं.

ऑफिसला तेवढं पुरेना. दुपारी सगळे डबे मधे ठेवून जेवायची आमची रीत. माझा डबा उघडला की आमचे हेडक्लार्क, मोठे बाबू, उसासा टाकत.

"पुन्हा आलू? काय करून राहिला बे स्वतःचं?"

मला बटाटा आवडतो. बायको घरात होती तेव्हाही मी तोच मागायचो. पण यांना त्यात माझं दुःख दिसायचं.

जानेवारीत धरणाजवळ ऑफिसची पिकनिक असते, बायकापोरांसकट. मी नाही म्हटलं, तर सकाळी ऑफिसातले दोघं गाडी घेऊन चौबे कॉलोनीत माझ्या दारात. गोवऱ्यांवर गाकडी, म्हणजे कणकेचे जाड रोट, भाजायचं काम दरवर्षी माझं. धरणावर पोचल्यावर माणशी तीन धरून मी कणीक मळत होतो.

"एक माणूस जास्त धर," मोठे बाबू म्हणाले.

"कोण?"

"धर ना. एकानं काय फरक पडते?"

गाकडी भाजत आल्या तेव्हा बाबूंच्या बायकोसोबत माझी बायको गाडीतून उतरली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात डबा. "भाभी आ गई!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. बायकांनी तिला धरून माझ्या शेजारी सतरंजीवर बसवलं.

"तुम्ही बोलावलं म्हणून आले," ती हळूच म्हणाली. "ऑफिसात रोज रडता म्हणे."

मी एकदाही रडलो नव्हतो. तिथे हो म्हणणं सोपं होतं, पण मग तिला खोटी आशा लागली असती.

"मी नाही बोलावलं," मी म्हणालो. "मले माहीतच नव्हतं."

एरवी एकमेकांचं न ऐकणारी ही माणसं आता कान देऊन बसली होती. ती त्यांच्याकडे वळली.

"तमाशा पाहाले आणलं का मले?"

"अवो वहिनी, बोलून तर राहिले ना दोघं!" बाबू हसले.

ती उठली. मी घरी सोडतो म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही तर नकोच." रस्त्यापर्यंत एकटी चालत गेली आणि ऑटो मिळेपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचा डबा सतरंजीवर राहिला होता. तो त्यांनी उघडला. आत पाटवड्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्या वाटूनही झाल्या.

दुसऱ्या तारखेला ती आली नाही. वकिलाकडे निरोप ठेवला होता: मला चारचौघांत बसवणाऱ्यांनी आधी माफी मागावी, मग सही.

हे मी बाबूंना त्यांच्या टेबलाजवळ उभं राहून सांगितलं.

"माफी? कायची?" ते म्हणाले. "आली नाही म्हणजे मन आहे तिचं. आता तू जा, आम्ही येतो संगं."

"तुम्ही कुठंच येऊ नका."

"पाहा, आपल्या माणसाचं भलं करावं तर असं," ते खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

पुढची तारीख मिळाली आहे. माफी अजून कोणी मागितलेली नाही.