साडेबाराचा क्लास

लकवा मारल्यापासून आबांच्या तोंडून एकच आवाज निघायचा, "आं." भूक लागली तरी आं, पाठ दुखली तरी आं. आबा म्हणजे माझे वडील. सगळी उमर त्यांनी केळीच्या लिलावात बोली पुकारण्यात घालवली होती. मंडीच्या या टोकाला उभे राहिले तर त्या टोकाच्या ट्रकवाल्याला ऐकू जायचं. आई आधीच गेलेली, भावंडं नाहीत, माझं लग्न झालेलं नाही, आणि मी शिकवत होते ती इंग्रजी शाळा बंद पडली. दुसरीकडे नोकरी धरली तर आबांकडे कोण बघणार? म्हणून बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी कोरियातल्या लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं काम धरलं.

कंपनीचं एक ॲप होतं. त्यात कार्टून फिल्मच्या आधाराने शिकवायचं. एका वेळी एकच मूल. दोन मिनिटांचा तुकडा दाखवायचा, मग आवाज बंद करून तोच पुन्हा लावायचा आणि पात्रांची वाक्यं मुलाने आपल्या तोंडाने म्हणायची. पहिला क्लास लागायचा तेव्हा तिकडे चार वाजलेले असायचे, इकडे साडेबारा. मुलं 'फिश'ला 'पिशी' म्हणायची. मी हसायचे नाही, कारण माझा 'व्ह' आणि 'व' मीही आरशासमोर उभं राहून घोटला होता.

अडचण आवाजाची होती. मागच्या गल्लीत पॉवरलूम दिवसभर खटखटतात, म्हणून खिडकीवर दोन गोधड्या ठोकल्या. पण आबांना कशाने झाकणार? त्यांचं "आं" एका क्लासात ऐकू गेलं आणि तक्रार आली. दुसरी आली तर काम बंद, असा नियम होता.

तेव्हापासून मी आतल्या खोलीला बाहेरून कडी लावायला लागले. आधी पाणी पाजायचे, कूस बदलायचे, मग दार ओढून घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मी म्हटलं, "आबा, पंचवीसच मिनिटं. मुलं घाबरतात ना." मुलं कुठली घाबरतात? घाबरलेली मीच होते.

साडेबाराच्या क्लासला नऊ वर्षांची एक मुलगी होती. दीड महिना झाला, तिने एक शब्द उच्चारला नव्हता. समजायचं सगळं. विचारलेल्या चित्रावर बरोबर बोट ठेवायची, मान हलवायची, पण ओठ घट्ट मिटलेले. आम्ही बर्फावर आईपासून चुकलेल्या सीलच्या पिल्लाची फिल्म बघत होतो. आवाज बंद केला की पिल्लू नुसतं तोंड उघडायचं, आणि ही त्याच्याकडे टक लावून बघायची.

मग कंपनीच्या कोऑर्डिनेटर बाईंचा फोन आला. "मॅम, बच्ची बोल नहीं रही. महीने के आखिर तक देखते हैं." त्यानंतर मी शिकवायचं सोडलं आणि भीक मागायला लागले. "प्लीज, वन वर्ड. ओन्ली वन." एकदा माझा आवाज चढला. तिचे डोळे भरले. क्लास संपल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तशीच बसले. पोळ्या लाटायच्या होत्या, आबांची चादर बदलायची होती, पण उठवेना. ही मुलगी बोलली नाही तर माझं काय होईल, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिचं काय होत असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

महिना संपायला चार-पाच दिवस उरले होते. आवाज बंद करून फिल्म चालू होती आणि मी वाट बघत होते. तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा दणका आला. मग आं. पुन्हा आं. माझा हात माईक बंद करायला गेला, पण ती मुलगी पुढे वाकली होती.

"टीचर," ती म्हणाली, "हू इज क्राइंग?"

दीड महिन्यात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. थोडा जाडसर होता. आणि मी काय म्हणावं? "नोबडी."

"नो," ती म्हणाली. "समवन."

मी उठले आणि कडी काढली. आबा खाटेवरून खाली घसरले होते, एक पाय चादरीत अडकलेला, लुंगी ओली. मला एकटीला ते उचलेनात. कसंबसं भिंतीला टेकवून बसवलं आणि त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. मग लक्षात आलं, दार सताड उघडं होतं आणि लॅपटॉप आमच्याकडेच तोंड करून होता. तिला सगळं दिसत होतं.

"माय फादर," मी तिथूनच म्हटलं. "ही कॅन नॉट टॉक."

फिल्म तशीच मुकी चालू होती. मग तिने पिल्लाचं वाक्य म्हटलं, "मॉमी, आय ॲम कोल्ड." माझ्यासाठी नव्हे. ती आबांकडे बघत होती. आबा म्हणाले, "आं." ते संपेपर्यंत तिने दम धरला आणि पुढचं वाक्य घेतलं. पुन्हा आबा, पुन्हा ती. असा अख्खा तुकडा त्या दोघांनी पुरा केला.

त्याच दुपारी कोऑर्डिनेटर बाईंचा फोन आला. "मॅम, रेकॉर्डिंग में सब दिख रहा है. पेशंट, गीला फर्श. बच्ची की मम्मी ने भी देखा."

"पण ती बोलली ना," मी मराठीतच बोलायला लागले. मग हिंदीवर आले. "आप देखिए तो, वो बोली."

"हाँ, बोली. लेकिन पॉलिसी है."

"मैं दरवाज़ा बंद रखूँगी," मी म्हटलं. "रोज कडी लगाती हूँ मैं. आज खोल दी, बस. अब नहीं खोलूँगी."

शेजाऱ्यांना बोलावून आबांना पुन्हा खाटेवर घेतलं होतं, ते तिथेच होते. त्यांना हिंदी चांगली समजते, उभी मंडी त्यांनी हिंदीतच चालवली. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. पलीकडून बाई म्हणाल्या, "मॅम, आप अपने पापा का ध्यान रखिए," आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत ॲप उघडेनासं झालं. बाकीची मुलंही गेली. आता गल्लीतल्या चार मुलींना स्पेलिंग शिकवते. गावाच्या दुसऱ्या टोकाला, लालबागच्या एका शाळेत अर्ज दिलाय, पण तिथे दिवसभर जावं लागेल आणि आबांचा प्रश्न तसाच आहे. त्यांच्या कानाशी बसून मी दोनदा माफी मागितली. त्यांनी डोळे मिटून घेतले. समजलं की थकले, ते मला सांगता येत नाही.

त्या मुलीला एक निरोप पाठवायची खूप धडपड केली. रस्ताच नव्हता. तिला कोणी काय सांगितलं, माहीत नाही. बहुधा काहीच नसेल. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने स्क्रीन लावली असेल आणि समोर दुसरीच कोणी बसली असेल. तिला काय वाटलं असेल, ते मला पक्कं ठाऊक आहे. आपण तोंड उघडलं म्हणून टीचर गेली.