रोहानाचा बंद केलेला आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझा मित्र आणि कंपनीचा कॅमेरामन मिलिंद, त्याला बेटांवर चित्रीकरणाला पाठवलं तेव्हाच मला ठाऊक होतं, की तो जे आणेल ते कधीच टीव्हीवर दिसणार नाही. मागच्या महिन्यात तो हृदयविकारानं गेला. फोन आला तेव्हा मी चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात होतो आणि मनात पहिला विचार आला तो... आता विचारणारं कुणी उरलं नाही. त्या विचाराची अजून किळस येते.

काही वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या बेटांसाठी टीव्ही वाहिनीचा परवाना निघाला होता. आमच्यासकट तीन कंपन्या त्यावर टपून होत्या. अट कडक होती : रोज एक तास तिथल्या लोकांचा, तिथल्या बोलीतला कार्यक्रम. अर्ज मी तयार करत होतो. साहेब म्हणाले, "अर्जासोबतचा नमुना कार्यक्रम झकास हवा. परवाना हातात आला, की अटीतून सूट मागू आणि मालिका लावू." मी मान डोलावली आणि हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर जाऊन मिलिंदला फेरीबोटीत बसवून दिलं. कॅमेरा, माईक सगळं तो एकटाच सांभाळायचा. मोडक्यातोडक्या मलय भाषेत गप्पा मारत त्यानं रोहाना शोधून काढली. मासे वाळवणारी, खणखणीत बाई. दवाखान्याची बोट येत नाही म्हणून कॅमेऱ्यासमोर तिनं अधिकाऱ्यांची अशी खरडपट्टी काढली, की परवाना समितीतले लोक आधी हसले, मग गप्प झाले. तिथंच आम्ही जिंकलो.

पुढे मालिका लागल्या, मधे तव्यांच्या जाहिराती. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी कॉफी ढवळत मिलिंद विचारायचा, "काय बे प्रशांत, रोहानाताई कधी दिसणार? पोरी तिला हिरॉईन म्हणून चिडवतात तिकडं."

"पुढच्या तिमाहीत."

"एवढ्यात हत्तिणीचं बाळंतपण आटोपलं असतं बे!" आणि हसायचा. विश्वास होता माझ्यावर.

शोकसभेत कंपनीनं तीच फीत दाखवली, वर मथळा होता : 'स्थानिक आवाजांसाठी झटलेला सहकारी.' पडद्यावर रोहाना हात नाचवत होती, पण तिचा आवाज बंद करून वर पियानो लावला होता. साहेब डोळे पुसत जवळ आले, कानात म्हणाले, "ही क्लिप नव्या अर्जालाही जोडू." आणखी काही बेटांचा परवाना निघालाय. मी बाहेर जाऊन खरंच ओकलो. आणि सोमवारी कामावर जाऊन ती क्लिप जोडली... तेही सांगायला हवं.

परवा त्याच्या घरी गेलो. माईकवर चढवायचं केसाळ टोपडं तो दर खेपेला धुऊन खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालायचा. ते अजून तिथंच आहे. मी हात लावला तशी त्याची लेक म्हणाली, "अंकल, लीव्ह इट लाह. स्टिल स्मेल्स लाइक फिश." आतून वहिनींनी विचारलं, "भाऊजी, त्या रोहानाबाईंचा यांना फोन यायचा. हे गेल्याचं त्यांना कळवलंत ना?"

नाही कळवलं. तू टीव्हीवर दिसशील, असा शब्द तिला मिलिंदनं दिला होता, त्यामुळे तिच्या लेखी तो मोडलाही त्यानंच. फेरीबोटीनं जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, की तो खोटं बोलला नव्हता, मी बोललो. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि अजून गेलेलो नाही.