तळातल्या पाण्याची चव

जुनी बोट विकत घ्यायची असली की बेलापूरच्या खाडीवर लोक माझ्या बाबांना बोलावतात. तळवलीचा हिरामण म्हटलं की पुरे. डिग्री नाही, काही नाही. लाकडी हातोडीने बोटीच्या अंगावर ठोकत फिरतात, आवाज बद्द आला की खडूने खूण करतात, डोलकाठी हलवून बघतात. आणि शेवटी तळावरची फळी उचलून खाली साचलेल्या पाण्यात करंगळी बुडवतात नि जिभेला लावतात. पाणी गोडं असलं तर ते पावसाचं, वरून गळलेलं. चार ठिकाणी डागडुजी केली की झालं. खारं असलं तर बोट खालून पाणी घेते, आणि असली बोट घेऊन बायकापोरांसकट समुद्रात जायचं नसतं.

ऐकायला सोपं आहे. पण पावसाळा संपता संपता खाडीच निम्मी गोडी झालेली असते, तेव्हा तुमची-माझी जीभ फसते. बाबांची नाही. ते मिठागरात वाढले. आजोबा त्यांना एकेका वाफ्यातलं पाणी चाखायला लावायचे, उद्या कुठे मीठ धरेल ते सांग म्हणायचे. मिठागरं शहराखाली गेली, बाबा बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात लागले, तिथे तीस वर्षं काढली. जीभ तेवढी मिठागरातली राहिली.

त्या जिभेचा जाच आईने भोगला. पहिला घास घेतला की निकाल लागायचा. "मीठ कमी हाय." नाहीतर, "जास्त हाय." बरोबर कधीच नाही. आई, म्हणजे गोजरा, मिठाचा डबा आणून ताटाशेजारी आपटायची. "घ्या, वता सगला." चाळीस वर्षं रोज हेच. ही दोघं एक दिवस मिठावरून कोर्टात जातील असं मला लहानपणी वाटायचं.

आई फेब्रुवारीत गेली. त्याच आठवड्यात बाबांना ताप आला आणि उतरला. नातेवाईक रडले, आम्ही दोघं नाही. तेरावं झालं आणि मी ऑफिसला गेले. बेलापूरला सरकारी कचेरीत आहे मी. फायली काढल्या, डबा खाल्ला, घरी आले. सगळे म्हणाले, भाविका खंबीर आहे. खंबीर डोंबलाची. आत काही हलतच नव्हतं. बाबांचंही तेच असावं. टीव्ही लावायचे आणि बंद टीव्हीकडे बघावं तसे बघत बसायचे.

मे महिन्यात मी कालवणात मीठ घालायला साफ विसरले. मला घास गिळवेना. बाबांनी ताट चाटूनपुसून संपवलं. मला वाटलं, माझी कीव करतायत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट मीठ घातलं, तेही खाल्लं. तिसऱ्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. पाप लागायचं तर लागो. बाबा शांतपणे प्यायले आणि कप विसळून ठेवला. तेव्हा कळलं, यांची चव गेली. ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

ऑक्टोबरात विपुलचा फोन आला. करंजाड्याला राहतो, कंपनीत नोकरी, दोन वर्षं शिडाची होडी चालवायला शिकला. एक वीस वर्षांची शिडाची बोट त्याने पसंत केली होती. दिवाळीत बायकोला नि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मांडव्याला जायचं ठरलंसुद्धा होतं. फक्त बाबांनी एकदा बघायची राहिली होती. बाबा हो म्हणाले.

"कशाला जाताय?" मी विचारलं.

"लोक बोलावतात. नाय कसं म्हनायचं?"

मी रजा टाकली आणि त्यांना स्कूटरवर बसवून जेट्टीवर नेलं. नेलं कसलं, राखण करायला गेले.

बोट पाण्यातच बांधलेली होती. मालक हौसेराव, सत्तरीचे, साताऱ्याकडचे, गुडघे गेल्यामुळे बोट विकायला काढली होती. ताडपत्री जूनमध्येच फाटली, तळात आहे ते पावसाचं पाणी, असं त्यांनी आम्ही नमस्कार करायच्या आधीच सांगून टाकलं. माणूस खोटारडा नव्हता, त्यांना तसंच वाटत होतं. बाबांनी हातोडी घेतली. तास-दीड तास ठोकलं, दोनच खुणा केल्या. दोर ताणले, सुकाणू फिरवलं. त्यांचा हात जराही चुकत नव्हता. विपुल प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत होता. मी मनात म्हणत होते, तळ बघायचा विसरा बाबा, आज विसरा.

विसरतात कुठले! फळी उचलली. खाली चार बोटं गढूळ पाणी होतं. करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. नेहमीसारखेच उभे राहिले, पण जरा जास्त वेळ. मग हौसेरावांकडे बघून म्हणाले, "गोडं हाय."

विपुलचा चेहरा फुलला. त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. "नमिता, ओके आहे गं!"

बाबांचा शब्द हीच त्यांची राहिलेली एक गोष्ट होती. आणि दुसरीकडे ती सहा वर्षांची पोर. मी वाकले आणि करंगळी बुडवून चाखली. आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या कडेला खारट, अगदी मीठ कमी पडलेल्या डाळीइतकं. शपथेवर सांगा म्हटलं असतं तर सांगितलं नसतं.

"मला खारं वाटतंय," मी म्हणाले.

हौसेराव हसले. "अहो, साक्षात हिरामण सांगतोय, आणि पोरीचं काय ऐकायचं?"

बाबांनी नुसतं 'तिला काय कलतंय' म्हणायचं होतं, व्यवहार झाला असता. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"तिचं ऐका," ते म्हणाले. "मना आठ महिने चव लागत नाय."

पाणी किती वाजता येतं हे सांगावं तशा आवाजात म्हणाले. मग बाबांनीच विपुलला कामाला लावलं. पाणी उपसलं, तळ फडक्याने कोरडा केला, आणि आम्ही चौघं भरतीत जेट्टीवर बसून राहिलो. तासाने फळी उचलली तर खालच्या जड लोखंडी कण्याच्या दोन बोल्टांशी पाणी पाझरून आलं होतं. हौसेराव वाकून बघत म्हणाले, "मी नातवाला घेऊन फिरलोय हो यातनं." विपुलने बायकोला परत फोन लावला, लांब जाऊन.

घरी येताना घणसोलीच्या सिग्नलला मी मागे वळून विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू चहात मीठ घातलंस तवाच समजलं, तुला कललंय. चवीनं नाय, तुझं तोंड बघून. मग सांगायचं काय राहिलं?"

संध्याकाळी मी बोंबलाचं कालवण केलं. मीठ नीट मोजून घातलं, चाखून बघितलं, बरोबर होतं. बाबांनी भात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबले. ताटाकडे बघत म्हणाले,

"मीठ कमी हाय."

मी उठले, डबा आणला आणि त्यांच्या ताटाशेजारी आपटला. "घ्या, वता सगला," म्हणायला तोंड उघडलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं. बाबांनी चिमूटभर मीठ घेतलं, भातावर टाकलं आणि रडत रडत जेवले.